गडावरची शांतता आणि पौलाची शांती

रविवारची उपासना आटोपली, सगळ्यांना सलाम करून झाला की निम्म्या मंडळीला घाई असते जेवणाची, मला साताऱ्याच्या अजिंक्यतारा गडाची. पाऊण तासाचा चढ, मग मारुतीचं देऊळ, दूरदर्शनचा मनोरा, आणि तिथून पुढे नुसता वारा. एका बाजूला यवतेश्वर, लांबवर सज्जनगड, जरंडा. घरी आल्यावर मी वर्षानुवर्षं एकच सांगत आलो, ‘वर देवाची शांती मिळते.’

शब्द चुकत होता माझा. वर मिळायची ती शांतता.

शांतता म्हणजे गलबला नसणं. गुरुजी वर्गात ‘शांतता!’ म्हणून ओरडतात, ‘शांती!’ असं कोणी ओरडत नाही. शांतता जागेची असते, म्हणून तिच्याकडे चढून जावं लागतं आणि पोवई नाक्यावर उतरलं की पहिल्याच हॉर्नला ती संपते. तिला नावं ठेवायचं कारण नाही. प्रभू येशूही गर्दी सोडून डोंगरावर एकटा प्रार्थनेला जायचा.

शांतीचं मूळ मात्र निराळं. बायबलच्या जुन्या करारात तिच्यासाठी ‘शालोम’ हा हिब्रू शब्द आहे. आपला ‘सलाम’ अरबीतून आला, तो त्याच घराण्यातला. शालोम म्हणजे सगळं धड असणं, काही तुटलेलं न उरणं. त्यात देवाशी असलेलं नातं आलं, तसं शेजाऱ्याशी असलेलंही आलं. आवाजाचा त्यात संबंधच नाही.

ख्रिस्ताचा प्रेषित पौल, त्याने फिलिप्पै शहरातल्या मंडळीला पत्र लिहिलं ते कैदेतून. त्यात तो म्हणतो, देवाची शांती तुमची अंतःकरणं राखील. हे ‘राखील’ आपण ‘सांभाळील’ अशा मऊ अर्थाने वाचतो. मूळ ग्रीक क्रियापद पहाऱ्याचं आहे, शिपाई शहराची वेस राखतात तसं. फिलिप्पै ही रोमी वसाहत, निवृत्त सैनिकांना जमिनी देऊन वसवलेली. तिथल्या माणसांना हा शब्द नेमका कळला असणार. आणि गड चढणाऱ्यालाही कळायला हवा. १६९९च्या डिसेंबरात औरंगजेबाने याच गडाला वेढा घातला. खाली तोफा, सुरुंग, लाखाची छावणी. तरी काही महिने गडाची शिबंदी आपल्या जागी होती. शांती अशी असते. बाहेरचा गोंगाट थांबत नाही, पहारा हलत नाही. (१७००च्या एप्रिलमध्ये गड पडला, त्यामुळे उपमा इथपर्यंतच.)

मोकळं वाटणं आणि ख्रिस्तातलं स्वातंत्र्य यांचीही अशीच गल्लत होते. वर साहेब नाही, हप्ता नाही, म्हणून मोकळं वाटतं. ती रजा झाली. गलतीकरांच्या पत्रात पौल म्हणतो, तुम्हाला स्वातंत्र्यासाठी बोलावलं आहे, तर प्रीतीने एकमेकांची सेवा करा. रेव्हरंड ना. वा. तिलकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात येऊन ‘देवाचा दरबार’ ही ख्रिस्तभक्तांची संगत मांडली. मोकळे झाले आणि जास्तच कामाला लागले.

मला हा फरक कळला तो पुस्तकातून नव्हे, बांधावरून. सामायिक बांधाच्या वादातून धाकट्या भावाशी आठ महिने अबोला होता. त्या आठ महिन्यांत मी गड एकदाही चुकवला नाही, आणि वर छान वाटायचं हे विशेष. शांतता कधी विचारत नाही, की भावाशी बोलतोस का. शांती विचारते. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथं आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. हे प्रभू बोलला तेही डोंगरावरच. म्हणजे शांती शोधायला वर जावं, तर ती आपल्याला खाली पिटाळते. ही गोष्ट मला फारशी आवडली नव्हती, अजूनही पुरती आवडत नाही.

शेवटी एका रविवारी मंगळाईच्या देवळाजवळ बसून फोन लावला. वारा इतका, की त्याला दोनदा ‘कोण?’ विचारावं लागलं.

‘दादा होय? बोल.’

बांधाचा विषय दोघांनीही काढला नाही. उसाला पाण्याची पाळी रात्रीची आली होती, मोटर दगा देत होती, आणि सोबतीला कोणी नव्हतं.

‘येतो,’ म्हटलं, आणि उतरायला लागलो.