गालापागोसची छोट्या जहाजावरची सफर : नाव नोंदवण्याआधी एवढं वाचा

नौपाड्यातल्या आमच्या ऑफिसात क्रूझची चौकशी करायला येणाऱ्या बहुतेकांच्या डोळ्यांपुढे दहा मजली जहाज असतं. स्विमिंग पूल, रात्रीचा शो, केव्हाही जा आणि ताट भरून घ्या. गालापागोसला तसलं जहाज मिळणार नाही, कारण बेटांमधून ते फिरवूच देत नाहीत. तिथे एका जहाजावर जास्तीत जास्त १०० प्रवासी चालतात. आम्ही जागा घेतो ती जहाजं त्याहून बरीच लहान, सोळा प्रवाशांची. एका परवानाधारक गाईडमागे सोळापेक्षा जास्त पर्यटक नकोत असा राष्ट्रीय उद्यानाचा नियम आहे, त्यावरूनच हा आकडा आला. केबिन छोटी, बाथरूम त्याहून छोटं, इंटरनेट बेभरवशाचं. करमणूक म्हणाल तर जेवणाआधी गाईड उद्याच्या बेटाबद्दल बोलतो, आणि जेवण झालं की बहुतेक जण झोपायला जातात.

हे वाचून मन खट्टू झालं असेल तर दुसऱ्या सहली आमच्याकडे आहेत. मन खट्टू न होता उत्सुकता वाढली असेल, तर पुढे वाचा.

ही बेटं इक्वेडोरची. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे १,००० किलोमीटर आत, पॅसिफिक महासागरात. १८३५ मध्ये डार्विन इथे पाच आठवडे होता. १९५९ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि आज बेटांची ९७ टक्के जमीन त्यात येते. मुंबईहून युरोप किंवा अमेरिकेमार्गे इक्वेडोरच्या मुख्य भूमीवरचं क्वितो किंवा ग्वायाकिल शहर, आणि तिथून दुसऱ्या विमानाने बेटांवर. बेटांवरचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे. पोहोचेपर्यंत माणूस दमतो, म्हणून जहाजावर चढण्याआधी आम्ही मुख्य भूमीवर दोन रात्रींचा मुक्काम ठेवतो. तो वाचवून सहल स्वस्त करा, असं आम्हाला सांगू नका.

आधी प्राणी, मग महिना, मग जहाज

लोक उलटं करतात. मे महिन्याची सुट्टी आधी ठरवतात आणि मग विचारतात, अल्बट्रॉस (लांब पंखांचा मोठा समुद्रपक्षी) दिसेल ना? मे महिन्यात दिसेल, पण जहाज एस्पान्योला बेटावर जाणारं असेल तरच. वेव्ह्ड अल्बट्रॉस जवळजवळ सगळेच्या सगळे त्या एका बेटावर घरटी करतात, साधारण एप्रिल ते डिसेंबर. जानेवारी ते मार्च ते समुद्रावर असतात, किनाऱ्यावर नाहीत.

उडता न येणारा पाणकावळा मात्र फर्नांदिना आणि इसाबेला या पश्चिमेच्या बेटांवरच. ठाण्याच्या खाडीतला पाणकावळा पंख पसरून वाळवत बसलेला तुम्ही पाहिला असेल. त्याचा हा भाऊबंद उडणं विसरला, पंख तुटपुंजे राहिले, तरी ते तसेच पसरून बसतो. पेंग्विनही मुख्यतः याच बाजूला. लाल पायांचे बूबी (हेही समुद्रपक्षीच) पाहायचे तर उत्तरेला हेनोवेसा बेट. निळ्या पायांचे बूबी, समुद्रसिंह आणि समुद्रात पोहून शेवाळ खाणारे इग्वाना सरडे यांची फारशी काळजी करू नका, ते बऱ्याच मार्गांवर भेटतात.

सगळं एका आठवड्यात दाखवा, हा हट्ट तिथे चालत नाही. त्याच जहाजाला तीच जागा चौदा दिवसांच्या आत पुन्हा दाखवता येत नाही. म्हणून जहाजं एका आठवड्यात एक भाग करतात, पुढच्या आठवड्यात दुसरा. मार्ग उद्यानाने आधीच मंजूर केलेला असतो. कॅप्टनला कितीही गळ घातली तरी तो बेट बदलू शकत नाही. दोन आठवडे काढता आले तर उत्तम. नाही आले, तर आमचं मत पश्चिमेच्या बाजूने आहे, कारण तिथले काही प्राणी जगात दुसरीकडे कुठेच नाहीत आणि फर्नांदिनाचा जागता ज्वालामुखी (शेवटचा मोठा उद्रेक मार्च २०२४) बेट म्हणजे काय ते समोर दाखवतो. अल्बट्रॉसवर जीव असलेल्यांनी आमचं मत बाजूला ठेवावं.

हवेचं म्हणाल तर जानेवारी ते मे ऊन, मधूनच सरी आणि कोमट पाणी. जून ते नोव्हेंबर थंड प्रवाहामुळे आभाळ ढगाळ, पाणी गार, पण माशांची रेलचेल आणि म्हणून पक्ष्यांचीही.

दिवस कसा जातो

जहाज बहुतेक वेळा रात्री चालतं. सकाळी नाश्ता करून पांगा नावाच्या छोट्या रबरी बोटीतून बेटावर. काही ठिकाणी खडकावर पाय ठेवून कोरडं उतरायचं, काही ठिकाणी गुडघाभर पाण्यात उडी मारून. खलाशी हात देतो तेव्हा पंजा धरू नका, मनगटाच्या वर धरा. तोही तुमचं मनगट धरतो आणि पकड सुटत नाही. वाट आखलेली असते, ती सोडायची नाही. प्राण्यापासून दोन मीटर लांब राहायचं. समुद्रसिंहाचं पिल्लू स्वतःहून तुमच्या बुटाशी आलं तर मागे सरकायचं तुम्ही. फ्लॅश आणि ड्रोन नाही, आणि बेटावर पाण्याखेरीज काही खायचं-प्यायचं नाही. सूर्य मावळायच्या आत सगळे जहाजावर परत.

चाल लांबची नसते, पण लाव्हाचा दगड धारदार आणि ओबडधोबड असतो. बार्तोलोमे बेटावर माथ्यापर्यंत साडेतीनशेहून जास्त लाकडी पायऱ्या आहेत. गुडघेदुखी असेल तर आधी बोला. खाली पांगातून किनाऱ्याने फिरवायची सोय होते. पोहता येत नसलं तरी चालतं, लाइफ जॅकेट असतं. पाण्याचीच भीती असेल तर मात्र नीट विचार करा, कारण दिवसातून चार वेळा त्या डुलत्या बोटीत चढ-उतर आहे.

बोट लागणाऱ्यांसाठी

छोटं जहाज हलतं. ऑगस्ट ते ऑक्टोबर जरा जास्तच. खालच्या डेकवरची मधली केबिन सगळ्यात कमी हलते. वरची खिडकीवाली महाग केबिन फोटोत छान दिसते आणि रात्री झोके देते. शंका असेल तर पावसाळा सोडून एखाद्या दिवशी गेटवेहून लाँचने मांडव्याला जाऊन या. आणि ऐरोलीच्या फ्लेमिंगो बोटीतही एकदा बसा. तिथेही वेळ भरती-ओहोटी ठरवते, आपण नाही, आणि पक्षी लांब असले तर लांबूनच बघावे लागतात. त्यात कंटाळा आला, तर एवढे पैसे खर्च करू नका.

बॅगेत काय नको

ताजी फळं, बिया, रोपं, माती यांना बंदी. बेटांच्या विमानात बसण्याआधी सामान तपासतात. हा नुसता सरकारी सोपस्कार नाही. माणसांनी आणलेल्या शेळ्यांनी पिंता बेटावरची झाडी फस्त केली. तिथल्या कासवांमधला शेवटचा नर, लोनसम जॉर्ज, २०१२ मध्ये गेला आणि ती जात संपली. इसाबेला आणि सांतियागो बेटांवरूनही लाखाहून अधिक शेळ्या हटवाव्या लागल्या. एस्पान्योलाची कासवं चौदावर आली होती, ती प्रजनन केंद्रामुळे वाचली. तेव्हा येऊरच्या चिखलात वापरलेले बूट घरीच घासून धुवा. घरचा चिवडा-लाडू क्वितोतच संपवा. सुटा खाऊ तपासणीत अडवला तर आम्ही काही करू शकणार नाही.

शाकाहारी जेवण मिळतं: भात, राजमा, भाज्या, फळं, सूप. कांदा-लसूण नको असेल किंवा जैन जेवण हवं असेल तर नोंदणीच्या वेळीच लिहून द्या. बोट निघाल्यावर भाजी आणायला कुणी जाऊ शकत नाही.

कागदपत्रं आणि पैसे

भारतीय पासपोर्टला इक्वेडोरचा व्हिसा लागतो. वाटेत ज्या देशात विमान बदलायचं तिथला लागेल की नाही, ते तिकिटाचा मार्ग ठरल्यावर आम्ही तपासून सांगतो. परत येताना भारतात पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड मागतात. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, आणि ती दहा दिवसांनंतरच ग्राह्य धरतात. कार्ड नसेल तर परतल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. मुंबईतल्या केंद्रांवर लस रोज मिळेलच असं नाही, आधी वेळ घ्या.

तिथलं चलन अमेरिकन डॉलरच आहे. उद्यानाचं प्रवेशशुल्क ऑगस्ट २०२४ पासून परदेशी प्रौढांना २०० डॉलर आणि १२ वर्षांखालील मुलांना १०० डॉलर झालं आहे. ते आमच्या पॅकेजमध्ये धरलेलं नाही, विमानतळावर रोख द्यायचं. बेटांसाठीचं प्रवासकार्ड वेगळं. सुट्या, न फाटलेल्या नोटा जवळ ठेवा.

आमचा माणूस ठाण्यापासून सोबत असतो. औषध, भाषा, विमानतळावरची धावपळ तो बघेल. बेटावर मात्र तिथल्या गाईडचंच चालतं, आणि आमच्या माणसालाही त्याचं ऐकावंच लागतं.

नोंदणीला येताना पासपोर्ट आणि नियमित औषधांची यादी आणा. भावंडं-मेहुणे मिळून यायचं असेल तर सगळ्यांच्या रजा आधी जुळवून घ्या. सोळा जणांच्या जहाजावर केबिन आठच असतात.