शेअर, फंड, रोखे तारण ठेवून कर्ज: बँक मूल्य कसे मोजते आणि गोव्यातले अर्ज कुठे अडतात

अर्ज परत आला की बहुतेक जण एकच तक्रार करतात: "आठ लाखांचे शेअर आहेत, तरी बँक चार लाखसुद्धा द्यायला तयार नाही." हे आठ लाख मोबाइलवरच्या आकड्यातून आलेले असतात. बँकेच्या कागदावरचा आकडा वेगळ्या वाटेने येतो आणि ती वाट शाखेत कोणी समजावून सांगत नाही. फोंडा आणि म्हापसा भागातील ओळखीच्या लोकांचे असे अर्ज भरून देताना माझ्या लक्षात आले आहे की नकाराची कारणे बहुतेक वेळा दोनच असतात. एक तर अर्जदाराने धरलेले मूल्य आणि बँकेने धरलेले मूल्य यांत अंतर असते, नाहीतर मूल्य असूनही मालकीचा कागद नसतो. दुसरे कारण गोव्यात अधिक आढळते, आणि त्याची मुळे इथल्या कायद्यात व इथल्या जुन्या नोंदींत आहेत.

पात्रतेची बाजू सोपी आहे. अर्जदार सज्ञान असावा, ओळखपत्र, पत्ता आणि पॅन यांची पडताळणी झालेली असावी, तारण त्याच्याच नावावर असावे आणि उत्पन्नाचा पुरावा द्यावा. इतर बँकांकडून शेअर किंवा रोख्यांवर घेतलेल्या कर्जांचे घोषणापत्र द्यावे लागते, ते विसरू नये. शेअर संयुक्त नावावर असतील तर सर्व धारकांच्या सह्या लागतात. परदेशात असलेल्या मुलाचे नाव दुसरे धारक म्हणून असेल, तर त्याच्या संमतीची व्यवस्था अर्जाआधीच करावी.

आता मूल्याकडे वळू. वाजवी मूल्य म्हणजे मोजणीच्या दिवशी, कोणतीही घाई किंवा सक्ती नसताना, बाजारातील जाणत्या खरेदीदाराला ती वस्तू विकली असता जी किंमत हाती येईल ती. आपण ती कितीला घेतली किंवा पुढे ती किती होईल, याचा त्यात विचार नसतो. 1 एप्रिल 2024 पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार व्यावसायिक बँका स्वतःच्या गुंतवणुकीचे वाजवी मूल्य तीन स्तरांत मांडतात. नेमक्या त्याच वस्तूचा खुल्या बाजारातला भाव मिळत असेल तर तो पहिला स्तर. तसा भाव नसेल, पण मिळत्याजुळत्या रोख्यांचे भाव किंवा व्याजदर पाहून किंमत काढता येत असेल तर तो दुसरा. तेही नसेल आणि गृहीतकांवरच हिशेब करावा लागत असेल तर तो तिसरा. तिसऱ्या स्तरावरील मालमत्तेच्या मूल्यवाढीतून दिसणाऱ्या, पण प्रत्यक्ष हाती न आलेल्या निव्वळ नफ्यातून बँकेला लाभांश वाटता येत नाही. हे निर्देश बँकेच्या स्वतःच्या पुस्तकांसाठी आहेत, कर्जदाराच्या तारणासाठी नव्हेत. तरी तारण पाहणारा अधिकारी त्याच दृष्टीने पाहतो: याचा भाव मला कुठे दिसतो आणि उद्या विकायचे झाले तर घेणारा कोण?

शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपनीचा शेअर या कसोटीला सहज उतरतो. रिझर्व्ह बँकेने तारणाचे मूल्य चालू बाजारभावाने धरायला सांगितले आहे. मात्र प्रत्येक बँकेची मान्य शेअरांची स्वतःची यादी असते. जो शेअर रोज मोठ्या संख्येने विकला जात नाही, तो त्या यादीत नसतो आणि मग त्याचा भाव कितीही असला तरी तारण म्हणून त्याची किंमत शून्य धरली जाते. ही यादी शाखेत आधी मागून पाहावी. मी पाहिलेल्या नकारांपैकी निदान काही तेवढ्याने टळले असते.

यानंतर येते मार्जिन, म्हणजे भाव पडला तर हाताशी असावा म्हणून बँक मूल्यातून बाजूला ठेवते तो भाग, आणि गैरसमजाचे खरे मूळ तेच आहे. समजा, 2,000 शेअर आहेत आणि भाव 400 रुपये आहे, म्हणजे बाजारमूल्य 8 लाख. बँक निम्मे मार्जिन ठेवत असेल तर कर्जाची मर्यादा 4 लाख होते. भाव 20 टक्क्यांनी उतरून 320 झाला की मूल्य 6 लाख 40 हजार आणि मर्यादा 3 लाख 20 हजार. पूर्ण 4 लाख उचललेल्या कर्जदाराला 80 हजार रुपये भरावे लागतात किंवा आणखी शेअर तारण द्यावे लागतात. ते मंजुरीपत्रात दिलेल्या मुदतीत झाले नाही, तर तारण विकण्याचा अधिकार बँकेला असतो. म्हणून मर्यादा मिळाली तरी ती सगळी उचलू नये, असे मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो. घराचे छप्पर किंवा मुलीचे शिक्षण यांसाठी काढलेले कर्ज बाजार पडल्याच्या आठवड्यातच फेडायची पाळी आलेली मी पाहिली आहे.

कंपनीचा किंवा सरकारी रोखा तारण ठेवणाऱ्याला दर्शनी किमतीचा मोह पडतो. 1,000 रुपये दर्शनी किमतीचा, वर्षाला 7 टक्के व्याज देणारा आणि मुदतीची 5 वर्षे उरलेला रोखा घ्या. त्याच जोखमीच्या नव्या रोख्यावर आज 8 टक्के मिळत असतील, तर जुन्याची किंमत सुमारे 960 रुपये होते, कारण दरवर्षी मिळणाऱ्या दहा रुपये कमी व्याजाची भरपाई खरेदीदार किमतीतून करून घेतो. असे बरेच रोखे महिनोन्‌महिने विकलेच जात नाहीत. मग शेवटच्या व्यवहाराचा भाव शिळा ठरतो आणि किंमत व्याजदरावरून काढावी लागते. सरकारी रोख्यांच्या मूल्यांकनाचे दर 31 मार्च 2018 पासून फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया ही संस्था जाहीर करते. कंपनीच्या रोख्यासाठी सरकारी रोख्याच्या परताव्यावर पतमानांकनानुसार जादा टक्केवारी धरली जाते. मानांकन घसरले की कंपनीचे व्याज वेळेवर येत असले तरी मूल्य उतरते, हे ध्यानात ठेवावे.

म्युच्युअल फंडात हिशेब त्या दिवशीच्या निव्वळ मालमत्ता मूल्यावर (एनएव्ही) होतो, पण करबचतीच्या योजनेतील तीन वर्षे पूर्ण न झालेली युनिटे तारण घेतली जात नाहीत. विमा पॉलिसीवर विमा रकमेचा विचार होत नाही, समर्पण मूल्याचा, म्हणजे पॉलिसी मध्येच बंद केल्यास हाती येणाऱ्या रकमेचा होतो. त्यासाठी पॉलिसी बँकेच्या नावे अभिहस्तांकित करावी, म्हणजे तिचे हक्क बँकेच्या नावे लिहून द्यावे लागतात.

सर्वांत जास्त निराशा होते ती नोंद नसलेल्या शेअरांच्या बाबतीत. गोव्यात अनेक घरांत नातेवाइकांच्या खासगी कंपनीचे किंवा सहकारी बँकेचे भाग असतात. बँक स्वतः अशा कंपनीचे शेअर धरते तेव्हा तिला लेखापरीक्षित ताळेबंदातून पुनर्मूल्यांकन राखीव निधी (मालमत्तेची किंमत फक्त कागदावर वाढवून दाखवलेली रक्कम) वगळून प्रतिशेअर मूल्य काढावे लागते. तो ताळेबंद मूल्यांकनाच्या तारखेच्या 18 महिन्यांहून जुना असेल किंवा मिळतच नसेल, तर त्या कंपनीतील सगळ्या शेअरांचे मिळून मूल्य 1 रुपया धरावे, असा नियम आहे. ज्या वस्तूला बँक स्वतःच्या पुस्तकात एक रुपया मानते, तिच्यावर ती कर्ज देईल ही अपेक्षा सोडून द्यावी. सहकारी बँकेच्या भागांबाबत आणखी एक अडसर आहे: 1949 च्या बँकिंग नियमन कायद्याच्या कलम 20 नुसार कोणत्याही बँकेला स्वतःच्याच शेअरांच्या तारणावर कर्ज देता येत नाही. तीस वर्षांच्या भागधारकाला त्याच काउंटरवर नकार मिळाला की त्याला तो अपमान वाटतो. प्रत्यक्षात समोरच्या कर्मचाऱ्याच्या हाती काहीच नसते, पण हे दोन वाक्यांत सांगण्याइतके सौजन्य त्याने दाखवायला हवे.

मूल्य पटले तरी कागद उरतातच. डिचोली तालुक्यातील एका बाईंनी पत्र्याच्या पेटीतून सासऱ्यांची शेअर प्रमाणपत्रे काढून माझ्यासमोर ठेवली होती. कडा वाळवीने खाल्लेल्या, पण आकडे शाबूत. नोंद असलेल्या चांगल्या कंपनीचे शेअर, आजच्या भावाने लाखांत जाणारे. प्रमाणपत्रावर इंग्रजी अक्षरांत 'नाईक' हे आडनाव पोर्तुगीज वळणाने, शेवटी क्यू-यू-ई लावून लिहिलेले होते, आणि त्यांच्या मुलाच्या आधारवर वडिलांच्या नावात ते साध्या 'के'ने संपत होते. आपल्याकडे पोर्तुगीज काळातील जन्मनोंदी असलेल्या घरांत हे नित्याचे आहे. कंपनीच्या भागधारकांची नोंद ठेवणाऱ्या, गोव्याबाहेर बसलेल्या रजिस्ट्रारच्या कार्यालयाला मात्र ही दोन वेगळी माणसे वाटतात. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र, जुना जन्मदाखला आणि दोन्ही रूपे जोडणारा एखादा सरकारी कागद पहिल्याच फेरीत जोडावा. पत्रव्यवहार सुरू झाल्यावर एकेक कागद पाठवत बसलात, तर वर्ष सहज जाते.

कागदी शेअर थेट तारण ठेवण्याचा विचार करू नये. 1 एप्रिल 2019 पासून नोंद असलेल्या कंपन्यांचे शेअर हस्तांतरित होण्यासाठी ते डिमॅट (कागदाऐवजी इलेक्ट्रॉनिक) स्वरूपात असणे बंधनकारक आहे, आणि जे विकता येत नाही त्याचे मूल्य बँकेच्या लेखी नाही. इथे एक मुदत हमखास चुकीची वाचली जाते. 2022 पासून वारसाच्या अर्जावर नवे प्रमाणपत्र न देता पुष्टीपत्र देण्याची पद्धत सुरू झाली. ज्यांच्या हाती असे पत्र आहे, त्यांनी ते दिल्याच्या तारखेपासून 120 दिवसांत डिमॅटची विनंती दाखल करायची असते. लोक हे दिवस पत्र टपालाने हाती पडल्यापासून मोजतात, किंवा तेच प्रमाणपत्र समजून कपाटात ठेवतात. मुदत गेली की शेअर कंपनीच्या सस्पेन्स डिमॅट खात्यात जातात आणि ते परत मिळवण्यासाठी नव्याने कागद करावे लागतात. सलग सात वर्षे लाभांश उचललेला नसेल, तर शेअर केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग झाले आहेत का, हे सर्वांत आधी पाहावे.

मूळ धारक वारला असेल तर गोव्यातील वाट उर्वरित देशाहून वेगळी आहे, आणि इथे दोष अर्जदाराचा नसतो. बाहेरची कार्यालये न्यायालयाचे उत्तराधिकार प्रमाणपत्र मागतात. आपल्याकडे 2012 च्या गोवा उत्तराधिकार, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी प्रक्रिया कायद्यानुसार विशेष नोटरीसमोर वारसा दस्त होतो आणि त्याची सूचना राजपत्रात प्रसिद्ध होते. हा कायदा रजिस्ट्रारला माहीत नसतो. दस्ताच्या प्रमाणित प्रतीसोबत राजपत्रातील सूचना आणि संबंधित कलमांची प्रत जोडून एक पानी पत्र लिहावे. आमचे काम अशा पत्रांनीच पुढे सरकले आहे. पण दस्ताची मर्यादाही समजून घ्यावी. वारस कोण आहेत एवढेच तो सांगतो, कोणाच्या वाट्याला कोणते शेअर आले हे सांगत नाही. हयात जोडीदाराचा निम्मा हिस्सा आधीच वेगळा असतो आणि उरलेल्या निम्म्याचे वारस अनेक असतात. त्यामुळे एकट्या मुलाला सगळे शेअर स्वतःच्या नावावर करून तारण ठेवायचे असतील, तर वाटणीचा दस्त किंवा इन्व्हेंटरीचा, म्हणजे न्यायालयातील वारसा-वाटणीच्या प्रक्रियेचा, निकाल लागतो. इथेही मूल्य आडवे येतेच. नामनिर्देशन नसलेल्या शेअरांसाठी सोप्या कागदपत्रांची सवलत शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने 2022 मध्ये कागदी शेअरांकरिता प्रत्येक कंपनीमागे 5 लाखांपर्यंत आणि डिमॅटकरिता प्रत्येक धारकामागे 15 लाखांपर्यंत नेली. भाव वाढून मूल्य मर्यादेपलीकडे गेले की कागद वाढतात, म्हणून अर्ज रेंगाळू देऊ नये.

विवाहित अर्जदारांसाठी उत्पन्नाचा पुरावा हाच काटा ठरतो. विवाहपूर्व करार नसेल तर गोव्यात पतिपत्नीची मालमत्ता सामाईक असते, आणि 31 मार्च 2026 पर्यंतच्या उत्पन्नासाठी 1961 च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम 5अ नुसार पगार सोडून इतर उत्पन्न दोघांत निम्मे-निम्मे विभागून विवरणपत्रात दाखवावे लागते. भाडे, व्याज आणि लाभांश मिळून वर्षाला 6 लाख येत असतील, तर पतीच्या विवरणपत्रात 3 लाखच दिसतात. अर्ज तपासणी गोव्याबाहेरच्या केंद्रात होते आणि तिथला अधिकारी 3 लाख पाहून अर्ज बाजूला ठेवतो. उपाय साधा आहे: दोघांचीही विवरणपत्रे जोडावीत आणि कलम 5अ च्या परिशिष्टाचे पान वर ठेवावे. ज्यांचे उत्पन्न असे विभागले जाते त्यांना सर्वांत सोपा आयटीआर-1 नमुना वापरता येत नाही. तो भरला असेल तर करसल्लागाराकडून दुरुस्ती करून घेऊनच बँकेत जावे. सामाईक मालकीमुळे अनेक शाखा जोडीदाराची संमतीची सही मागतात. त्याबद्दल वाद घालण्यात वेळ दवडू नये, विवाहनोंदणीचा दाखला आणि जोडीदार दोघांनाही सोबत न्यावे.

पुढची पायरी दहा मिनिटांची आहे. तारणाची विनंती नोंदवली जाते, डिपॉझिटरीकडून (डिमॅट शेअर सांभाळणाऱ्या संस्थेकडून) आलेल्या संदेशावर आपण पुष्टी देतो आणि शेअर आपल्याच खात्यात राहून त्यांवर बँकेचा बोजा चढतो. लाभांश आपल्यालाच मिळत राहतो.

कर्ज फिटल्यावर मात्र बोजा आपोआप उतरेल असे धरून चालू नये. थकबाकी नसल्याचा दाखला आणि बोजा उतरवण्याचा अर्ज एकाच दिवशी द्यावा, पोच घ्यावी आणि पंधरवड्याने डिमॅट खात्याचे विवरण काढून तारण शेअरांच्या रकान्यात शून्य आले आहे का ते पाहावे.