फ्रँकनस्टाइनचा राक्षस मुका नव्हता

फ्रँकनस्टाइन म्हणजे मानेत खिळे ठोकलेला, गुरगुरणारा, बिनडोक राक्षस, हा समज सिनेमाने रुजवला, विशेषतः 1931 च्या. मेरी शेलीच्या 1818 च्या कादंबरीत फ्रँकनस्टाइन हे त्याला घडवणाऱ्या तरुणाचं आडनाव. राक्षसाला नावच नाही. बारसं करायला निर्माता थांबला कुठे? राक्षसाने डोळे उघडताच हा पळाला.

आणि राक्षस बोलतो, तेही वकिलासारखं मुद्देसूद! एका कुटुंबाच्या घराला लागून असलेल्या खोपटात लपून, फटीतून बघत तो भाषा शिकतो, कवी मिल्टन आणि चरित्रकार प्लुटार्क वाचतो, रात्री त्या घरासाठी गुपचूप सरपण आणून ठेवतो. घरातला आंधळा म्हातारा त्याच्याशी प्रेमाने बोलतो. डोळस मुलगा येतो आणि काठीने झोडपतो. सिनेमात त्याच्या हातून एक मुलगी पाण्यात बुडून मरते. कादंबरीत तो बुडणाऱ्या मुलीला वाचवतो आणि बदल्यात गोळी खातो.

म्हणून तो बिचारा ठरतो का? तसंही नाही. निर्मात्याच्या लहानग्या भावाचा तो गळा घोटतो आणि आळ त्यांच्या घरातल्या निरपराध मोलकरणीवर, जस्टिनवर, येईल अशी व्यवस्था करतो. ती फासावर जाते. इथे मात्र मला त्याची खरी भीती वाटते.