सोन्याचे नैसर्गिक खडे : मेटल डिटेक्टरने शोध आणि सफाई (नागपूर परिसर)

खडकातून सुटा झालेला, निदान चिमटीत धरता येईल एवढा नैसर्गिक सोन्याचा तुकडा म्हणजे सोन्याचा खडा. खाणकामात आणि सराफीत आता ‘नगेट’ हाच शब्द चालतो. त्याहून बारीक असेल ती कणी आणि अगदी पीठ असेल ती सोनधूळ. हा फरक पक्का लक्षात ठेवावा, कारण मेटल डिटेक्टर खड्यावर वाजतो, धुळीवर वाजत नाही. नागपूर परिसरातल्या सोन्याबद्दल जे काही सांगायचे, ते बहुतेक याच एका गोष्टीतून निघते.

खड्यातले सोने कधीच शंभर नंबरी नसते. त्यात साधारण ५ ते २० टक्के चांदी आणि किंचित तांबे असते. ते घडते जमिनीखाली खोल, गारेच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या, शिरांमध्ये. खडकाला भेग पडते, तीतून खनिजे विरघळलेले गरम पाणी वर येते आणि थंड होताना गार व सोने मागे ठेवते. मात्र या पाण्यात सोन्याचे प्रमाण इतके कमी असते की किलोकिलोचे गोळे कसे जमतात, हे कोडे बराच काळ सुटत नव्हते. गारेवर दाब पडला की तिच्यात वीज निर्माण होते. भूकंपाच्या धक्क्यांनी अशी वीज तयार होऊन विरघळलेले सोने आधीच्या सोनकणांवर थरावर थर बसत असावे, असे ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये प्रयोगांतून दाखवले. पुढे लाखो वर्षांच्या ऊनपावसाने खडक झिजतो, गार फुटते आणि खडा मोकळा होऊन उतारावर किंवा नाल्यात येतो.

सोन्याचे वजन हेच त्याचे नशीब ठरवते. त्याची घनता १९.३, तर गारेची २.६५. जुन्या हिशेबाने तोळाभर, म्हणजे ११.६६ ग्रॅम सोन्याचा ठोकळा केला तर त्याची बाजू जेमतेम साडेआठ मिलिमीटर भरते. तेवढ्याच आकाराची गारगोटी दीड ग्रॅमच्या थोडी वर. म्हणून पुराच्या पाण्यात गारगोटी वाहत जाते आणि सोने वळणाच्या आतल्या बाजूला, खडकाच्या फटीत, झाडाच्या मुळाशी बसून राहते. ५ फेब्रुवारी १८६९ रोजी ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतात झाडाच्या मुळाजवळ ‘वेलकम स्ट्रेंजर’ हा खडा सापडला, तो जमिनीखाली अवघ्या दोन-चार सेंटिमीटरवर. गाळल्यावर त्यातून सुमारे ७१ किलो सोने निघाले. त्याच प्रांतात २६ सप्टेंबर १९८० रोजी केव्हिन हिलियर यांना डिटेक्टरने सापडलेला ‘हँड ऑफ फेथ’ २७.२ किलोचा आहे. डिटेक्टरने मिळालेल्या खड्यांत याहून मोठा खडा नाही.

यंत्र कसे चालते

डिटेक्टरच्या तबकडीत तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यातून उलटसुलट वीज सोडली की जमिनीत बदलते चुंबकीय क्षेत्र पसरते. वाटेत धातू आला तर त्याच्यात भोवऱ्यासारखे छोटे विद्युत् प्रवाह उठतात, त्यांचे स्वतःचे क्षेत्र परत येते आणि ते टिपून यंत्र आवाज देते. हे भोवरे फिरायला धातूचा सलग तुकडा लागतो. सोन्याचे शंभर कण मातीत विखुरलेले असतील तर प्रत्येकातला भोवरा इतका लहान असतो की त्याचा आवाजच उठत नाही.

यंत्रांच्या दोन जाती आहेत. पहिली सतत लहरी सोडणारी. तिला व्हीएलएफ (व्हेरी लो फ्रिक्वेन्सी) म्हणतात. सोन्यासाठी केलेल्या अशा यंत्रांची वारंवारता साध्या यंत्रांपेक्षा बरीच जास्त, ४५ ते ७० किलोहर्ट्झच्या आसपास ठेवतात, म्हणजे तांदळाएवढी कणीही हाती लागते. पण लोहयुक्त जमिनीत हे यंत्र गोंधळते. दुसरी जात झटके देणारी, म्हणजे पल्स इंडक्शन. ती विजेचा झटका देते, थांबते आणि उरलेला प्रतिसाद ऐकते. लाल, लोहाने भरलेल्या जमिनीत हीच टिकते आणि खोलही जाते. खोलीबद्दल मात्र लोकांच्या कल्पना अवास्तव असतात. मुगाच्या दाण्याएवढा खडा दोन-चार इंचांखाली गेला की बहुतेक यंत्रांना लागत नाही. दहा फूट खाली सोने दाखवतो म्हणणाऱ्या विक्रेत्याकडून काहीही घेऊ नये.

काम सुरू करण्यापूर्वी यंत्र त्या जागच्या मातीशी जुळवून घ्यावे लागते. तबकडी जमिनीवर वरखाली करत, आवाज एकसारखा होईपर्यंत. मग तबकडी जमिनीला जवळजवळ घासत, हळू, मागचा फेरा पुढच्या फेऱ्यावर अर्धा येईल अशी फिरवायची. खड्याचा आवाज ठसठशीत नसतो. सलग गुणगुण चाललेली असते आणि एका जागी ती किंचित वर चढून उतरते, एवढेच. चपलेने वरची माती सरकवून पुन्हा ऐकायचे. आवाज सरकला असेल तर वरचा कचरा, वाढला असेल तर खाली काही आहे. खणलेली माती प्लॅस्टिकच्या टोपल्यात घ्यायची आणि मूठमूठ तबकडीवरून फिरवायची. निम्मी टाकायची, उरलेली तपासायची, पुन्हा निम्मी. शेवटी तळहातावर चिमूटभर माती उरते आणि फुंकर मारली की दिसते ते बहुतेक वेळा बैलाच्या नालेचा खिळा, बाटलीचे झाकण किंवा खर्रा या तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाच्या पन्नीतला चकचकीत कागद. पातळ ॲल्युमिनियम आणि लहान सोने यंत्राला सारखेच ऐकू येते, म्हणून कचरा गाळण्याची सोय चालू ठेवली की सोनेही गळते. अनुभवी माणसे प्रत्येक आवाज खणतात.

नागपूरची जमीन

नागपूर शहर दोन भूप्रदेशांच्या सांध्यावर वसले आहे. पश्चिमेकडे दख्खनचा काळा पाषाण, सीताबर्डीची टेकडी त्यातलीच. पूर्वेकडे फार जुने पट्टिताश्म, म्हणजे पट्टेदार खडक. काळ्या पाषाणात मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज भरपूर. त्यामुळे काटोल–हिंगण्याकडच्या खरडी जमिनीवर डिटेक्टर फिरवला की साधा गोटाही धातूसारखा बोलतो. भाजलेल्या विटेचा तुकडाही तसाच फसवतो. तिथे सोने शोधण्यात अर्थ नाही. सोने असते ते पूर्वेला, उमरेड–कुहीच्या पलीकडे भंडाऱ्याकडे पसरलेल्या, भूशास्त्रात ‘साकोली माला’ म्हणतात त्या खडकांत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने परसोडी, कोलारी या भागांत सोन्याचे अस्तित्व नोंदवले आहे. पण हे सोने खडकात विखुरलेले, डोळ्यांना न दिसणारे आहे. टनभर खडकात काही ग्रॅम सोने असले तरी खाणीला पुरते, पण डिटेक्टरसाठी तो खडक मुका असतो. अशा सोन्याचा ठाव नमुने, रासायनिक पृथक्करण आणि ड्रिलिंगनेच लागतो. त्या कामाच्या मोठ्या संस्था नागपुरातच आहेत. सर्वेक्षणाचे मध्य विभागीय कार्यालय आणि खनिजांचा शोध घेणारी सरकारी कंपनी एमईसीएल सेमिनरी हिल्सवर, १९४८ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय खाण ब्युरोचे मुख्यालय सिव्हिल लाइन्सला.

या मुलखात सोने हाताने काढण्याची खरी परंपरा सोनझाऱ्यांची आहे. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातील जातीजमातींवर लिहिले, तेव्हा ओढ्यांच्या पात्रातील रेती धुऊन सोने काढणाऱ्या या समाजाची स्वतंत्र नोंद केली. साधन एकच, लाकडाची उथळ परात. रेती पाण्यात गोल फिरवायची, वरची पांढरी रेती काठावरून सोडून द्यायची. शेवटी तळाला काळ्या रेतीची शेपटी उरते आणि तिच्या टोकाला, असलाच तर, पिवळा ठिपका. हीच विद्या शहरात आली ती सराफ्यात. दुकाने उघडण्याआधी पेढ्यांसमोरची धूळ झाडायची, गटारातला गाळ उपसायचा, धुवायचा आणि त्यातून सोनाराच्या कानशीची कीस वेगळी करायची. उर्वरित महाराष्ट्रात हे काम करणाऱ्यांना झारेकरी म्हणतात. परातीचे हे कौशल्य कोणत्याही यंत्रापेक्षा या भूमीला अधिक लागू आहे आणि त्याचा मान ठेवला जात नाही, हे दुःखद आहे. शेवटची धूळ गोळा करायला पारा वापरतात. तो तापवला की वाफ फुप्फुसात जाते आणि हाताची थरथर, विस्मरण असे आजार जडतात. बंद भांड्यात पाऱ्याची वाफ थंड करून परत मिळवता येते. ही सोय त्या घरांपर्यंत पोहोचायला हवी.

जिथे यंत्र नेऊ नये

नागपूरभोवती जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट–खापा, नैकुंड येथे शिळावर्तुळे आहेत. लोहयुगातील माणसांनी आपले मृत जिथे ठेवले, ती ही ठिकाणे. एकट्या जुनापाणीत सुमारे तीनशे वर्तुळे आहेत. नैकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. नागपूरच्या भूशास्त्राचा पाया घालणारे मिशनरी स्टीफन हिस्लॉप टाकळघाटचे उत्खनन पाहून परतताना ४ सप्टेंबर १८६३ रोजी नदीच्या पुरात बुडाले. या वर्तुळांत लोखंड आहे, त्यामुळे डिटेक्टर तिथे हमखास वाजतो आणि अडाणी माणूस हमखास खणतो. निघते ती गंजलेली कट्यार किंवा घोड्याचा लगाम. ती मातीच्या कोणत्या थरात, हाडांच्या कोणत्या बाजूला होती, ही माहिती मात्र कायमची जाते. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत नियंत्रित क्षेत्र असते. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत पुरलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. लपवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. नैसर्गिक सोने हे खनिज आहे, त्याला १९५७ चा खाण व खनिज कायदा लागू होतो. व्हिक्टोरियात हौशी माणसाला दहा वर्षांचा परवाना मिळतो, तशी व्यवस्था आपल्याकडे नाही. म्हणून यंत्राचा हात बसवायचा तर स्वतःच्या शेतात हरवलेली अंगठी शोधावी.

सफाई

खडा हाती आला की पहिला मोह तो लखलखीत करण्याचा होतो. तो आवरावा. सोने फार मऊ असते, कठीणपणाच्या ‘मोह्ज’ मापात अडीच ते तीन. तारेचा ब्रश, राख, घासणी यांनी त्यावर चरे पडतात आणि लाखो वर्षांत घडलेला पृष्ठभाग पाच मिनिटांत जातो. गारेसकट सुंदर आकाराच्या खड्याला संग्राहक नुसत्या सोन्यापेक्षा जास्त किंमत देतात, ती पृष्ठभागासाठीच.

घरातल्या दागिन्यांचे रिठे इथेही उत्तम. चार रिठे रात्री कोमट पाण्यात घालावेत, सकाळी कुस्करून गाळावेत आणि त्या फेसाळ पाण्यात खडा काचेच्या वाटीत तासभर ठेवावा. मग मऊ, जुना दात घासायचा ब्रश हलक्या हाताने खाचाखाचांतून फिरवावा. पाणी आधी तांबूस होते, मग गढूळ, तिसऱ्या पाण्याला फेस पांढरा राहतो. हे पाणी मोरीत ओतू नये. पांढऱ्या ताटात निथळावे, खाचेतून सुटलेली कणी तळाशी दिसते.

लोहाचा तपकिरी थर रिठ्याने जात नाही. त्यासाठी किराणा दुकानातले लिंबूसत पुरते. गरम पाण्यात विरघळवून खडा एक-दोन दिवस ठेवावा, पाणी पिवळे झाले की बदलावे. चुन्याचा थर असेल तर बुडबुडे येतात. हट्टी डागांना ऑक्झॅलिक ॲसिड वापरतात. ते विषारी आहे, तेव्हा हातमोजे घालावेत, ॲल्युमिनियमचे भांडे टाळावे आणि शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात खडा बुडवावा.

सोनाराच्या तेजाबात, म्हणजे नायट्रिक ॲसिडमध्ये, सोने विरघळत नाही. पण हायड्रोक्लोरिक ॲसिड त्यात मिसळले की ते अम्लराज होते आणि सोने विरघळवते. हायड्रोक्लोरिकमध्ये कपड्यांचे ब्लीच घातले तरी तेच घडते, शिवाय क्लोरीन वायू सुटतो. ही दोन कधीही एकत्र करू नयेत. गार विरघळवण्यासाठी हायड्रोफ्लोरिक ॲसिड लागते. ते कातडीतून आत शिरून शरीरातले कॅल्शियम शोषते, वेदना कधीकधी काही तासांनी सुरू होते आणि तोवर जीवावर बेतलेले असते. ते फक्त सुसज्ज प्रयोगशाळेचे काम. फुंकणीच्या ज्योतीखाली धरणेही चूक. ५७३ अंश सेल्सिअसला गार एकदम फुगते आणि तडकून उडते.

वजन आणि कस

गारेत अडकलेल्या सोन्याचे वजन खडा न फोडता काढता येते. आधी हवेत वजन करावे, मग दोऱ्याने पाण्यात लोंबकळत ठेवून. समजा हवेत २० ग्रॅम आणि पाण्यात १७ भरले. घट ३ ग्रॅम, म्हणजे आकारमान ३ घन सेंटिमीटर. तीनाला २.६५ ने गुणून ७.९५ येतात, ते २० मधून वजा केले की १२.०५ उरतात. त्याला १.१६ ने गुणले की सुमारे १४ ग्रॅम सोने. चांदीच्या मिश्रणामुळे थोडा फरक पडतो, पण भाव ठरवायला अंदाज पुरेसा असतो.

सोनमाखी म्हणजे पायराइट ओळखणे सोपे आहे. हातोडीच्या हलक्या टोल्याने ती फुटते, सोने चपटे होते. चिनी मातीच्या बिनझिलईच्या कपच्यावर ओढली तर तिची रेघ हिरवट काळी, सोन्याची पिवळी. अभ्रकाचा पापुद्रा नखाने सुटतो. ‘खोदकामात सापडले’ म्हणून स्वस्तात विकायला आणलेला खडा या तपासण्यांतून गेल्याशिवाय पैसे काढू नयेत. साच्यात ओतलेल्या पितळेचे खडेही फिरतात, त्यांच्या खाचांत गारेचा कण नसतो.

हॉलमार्किंग केंद्रातले एक्स-किरण यंत्र फक्त वरचा पापुद्रा वाचते. मातीत पडून राहिल्याने पृष्ठभागातली चांदी निघून गेलेली असते, म्हणून ते वाचन आतल्या कसापेक्षा चढे येते. अस्सल कस हवा असेल तर कोपऱ्यातून बारीक कीस घेऊन तीच तपासायला द्यावी. बाकी खडा तसाच, कापसात, छोट्या डबीत ठेवावा. सोबत कागदाच्या चिठ्ठीवर सापडल्याची जागा, खोली, माती कशी होती आणि तारीख लिहावी. भूवैज्ञानिकाला त्या चिठ्ठीवरून मूळची शीर शोधता येते.