तोल सावरताना : कंपवात असलेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

आमच्या फिजिओथेरपी केंद्रात येणारी बहुतेक मंडळी पहिल्या दिवशी हाताची थरथर दाखवतात. आम्ही आधी विचारतो, पडलात का कधी? कुठे? उत्तरं बरीचशी सारखी असतात. स्वयंपाकघरात वळताना, बाथरूमच्या उंबरठ्यावर, बेल वाजली म्हणून घाईनं उठताना. म्हणून आमचा भर नुसत्या चालण्यापेक्षा वळणं, उठणं आणि थांबणं यांवर जास्त असतो.

कंपवातात मेंदूतल्या डोपामिन (हालचालींसाठी लागणारं रसायन) तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात. एरवी नकळत होणाऱ्या हालचाली मग नकळत होत नाहीत. पाऊल आखूड पडतं, पाठ पुढे झुकते, आणि तोल गेलाच तर सावरणारं पाऊल वेळेवर पडत नाही. लेव्होडोपा या कंपवातावरच्या औषधाच्या गोळीनं ताठरपणा आणि मंदपणा बराच कमी होतो, पण तोलावर तिचा परिणाम मर्यादितच राहतो. त्यामुळे गोळी नियमित घेत असलात तरी तोलाचा सराव वेगळा करावाच लागतो. गोळी कमी-जास्त करणं मात्र तुमच्या न्यूरॉलॉजिस्टचं काम, आमचं नाही.

पेठेतल्या एका जुन्या वाड्यात राहणारे काका आमच्याकडे येतात. स्वयंपाकघराच्या दारात आले की त्यांचे पाय जमिनीला चिकटायचे. काकू हात धरून ओढायच्या, "अहो, चला ना, चहा गार होतोय." ओढलं की वरचं अंग पुढे यायचं आणि पाय तिथेच! आम्ही घरी जाऊन पाहिलं, तर शहाबादी फरशीचे सांधे चांगले ठळक होते, पण नेमकं दाराशी पायपुसणं टाकलेलं. ते उचललं आणि उंबरठ्याच्या अलीकडे एकेका पावलाच्या अंतरावर पिवळ्या चिकटपट्टीच्या तीन रेषा मारल्या. रेषा ओलांडायची म्हटलं की पाय उचलला जातो. काका पूर्वी वारीला जायचे, म्हणून ठेका "ज्ञानबा-तुकाराम"चा घेतला. आता काकू ओढत नाहीत, ठेका धरतात. डोळ्यांपुढे रेषा किंवा कानात ठेका असला की चालण्याकडे मुद्दाम लक्ष जातं, आणि आपोआप न पडणारं पाऊल लक्ष देऊन टाकता येतं.

घरच्यांना एवढं कळकळीनं सांगतो : पाय चिकटले तर ओढू नका, घाई करू नका. त्यांना थांबू द्या, एक श्वास घेऊ द्या, वजन एका पायावरून दुसऱ्यावर झुलवू द्या, मग एक मोठं पाऊल.

वळताना जागच्या जागी गिरकी घेऊ नये. रिक्षा वळते तसा मोठा वळसा घ्यावा. खुर्चीतून उठताना आधी पुढे सरकून बसा, पाय गुडघ्यांच्या थोडे मागे घ्या, पुढे वाका आणि मग उठा. सकाळी अंथरुणातून एकदम उठू नका. कंपवातात उभं राहिल्यावर रक्तदाब उतरू शकतो, म्हणून आधी काठावर दोन मिनिटं बसा. चहाचा कप हातात घेऊन चालणं किंवा चालता चालता फोनवर बोलणं सध्या टाळा. दोन कामं एकदम करण्याचा सराव आम्ही करून घेतो, पण थेरपिस्ट शेजारी असतानाच.

गोळीचा अंमल चांगला असतो त्या वेळेत सराव ठेवा. स्वयंपाकाच्या ओट्याला हात टेकून वजन डावी-उजवीकडे झुलवणं घरी करता येईल, मात्र पाठीमागे खुर्ची आणि जवळ कुणीतरी हवंच. मागे पाऊल टाकण्याचा सराव एकट्यानं अजिबात नको. मागे पडणाऱ्याला सावरायला वेळ मिळत नाही.

ताई ची हा संथ हालचालींचा चिनी व्यायाम करणाऱ्या कंपवाताच्या रुग्णांचा अमेरिकेतला अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोनदा, 24 आठवडे सराव केल्यावर, नुसते स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा त्यांचं पडणं कमी झालं. दोन दिवस करून सोडण्याचा हा प्रकार नाही, हे त्यातून दिसतं. आजार बरा होईल असं आम्ही म्हणत नाही.

काठी किंवा वॉकर आधी विकत घेऊ नका, इथे वापरून पाहा. काहींना काठीनं उलट गोंधळायला होतं.

पहिल्या भेटीला घरी वापरता त्याच चपला घालून या. गोळ्यांची नावं आणि वेळा लिहून आणा. मागच्या महिन्यात कुठे, किती वाजता पडलात किंवा पडता पडता वाचलात, तेही लिहा. आणि रोज सोबत असतं त्या माणसाला घेऊन या.