बुलडोझर घेऊन उतरलेलं कापडी विमान

५ मार्च १९४४ च्या संध्याकाळी आसामातल्या लालाघाटच्या धावपट्टीवरून डाकोटा ही मालवाहू विमानं उडाली. बहुतेकांच्या मागे नायलॉनच्या दोरांनी बांधलेली दोन-दोन वॅको ग्लायडर्स, म्हणजे बिनइंजिनाची विमानं, होती. जायचं होतं ब्रह्मदेशात, जपानी सैन्याच्या पिछाडीला, जंगलातल्या एका मोकळ्या पट्ट्यावर. त्याचं सांकेतिक नाव 'ब्रॉडवे'.

ब्रिटिश सेनानी विंगेटच्या चिंडिट सैनिकांना, म्हणजे शत्रूच्या पिछाडीला लढणाऱ्या त्याच्या तुकड्यांना, पॅराशूटनं का उतरवलं नाही? कारण आधी धावपट्टी करायची होती आणि त्यासाठी बुलडोझर हवा होता. वॅको म्हणजे पोलादी नळ्यांचा सांगाडा, वर कापड, खाली प्लायवूडची जमीन. नाकाचा भाग बिजागरीवर वर उचलला जायचा आणि सामान समोरूनच बाहेर यायचं. त्यात १३ सैनिक किंवा एक जीप मावे. इंजिनाची गरजच नव्हती. परतायचं कुणाला होतं?

सगळा भार मात्र दोरावर. भरलेल्या वॅकोचं वजन सुमारे ३,४०० किलो. सरळ उडताना हवेच्या विरोधामुळे दोरावर त्याच्या साधारण बाराव्या हिश्श्याचा, म्हणजे २८० किलोचा ताण येतो. दर १०० मीटरमागे ३ मीटर चढायचं, तर आणखी १०० किलो. वाटेत उंच डोंगर होते आणि ग्लायडर्समध्ये ठरल्यापेक्षा जास्त माल कोंबलेला. त्यात ग्लायडर जरा पुढे सरकलं की दोर ढिला पडतो, मग एकदम ताणला जातो. हा हिसका सगळ्यात वाईट. त्या रात्री अनेक दोर तुटले, ग्लायडर्स वाटेतच कुठेकुठे उतरली आणि दोन-दोन ओढण्याचा प्रकार तिथेच थांबवावा लागला.

ब्रॉडवेवरही सुख नव्हतं. सागाचे ओंडके ओढून पडलेल्या चाऱ्या गवतात लपल्या होत्या. पहिली ग्लायडर्स त्यांत मोडून पडली आणि मागची अंधारात त्यांच्यावर आदळली. इंजिनच नाही, तर पुन्हा वर चढून दुसरी फेरी कशी मारणार? एक ग्लायडर दोन झाडांमधून घुसलं, पंख मागेच राहिले. आतला बुलडोझर सुटून पुढे निघाला, पण नाक वैमानिकांसकट वर उचललं गेलं आणि यंत्र त्यांच्या खालून निघून गेलं. हे नशीबच म्हणायचं.

तीसेक माणसं गेली. तरी वाचलेल्या यंत्रांनी दिवसभरात जमीन सपाट केली आणि दुसऱ्याच रात्री डाकोटा उतरू लागले. आठवड्याभरात सुमारे ९,००० सैनिक आणि हजारावर खेचरं व घोडे पिछाडीला पोचले होते.