थ्रिलरची सुरुवात आणि न्वारची सुरुवात : अंधार दोन्हीकडे, मग फरक कुठे?

वर्धा-यवतमाळकडच्या पोरांच्या हातात आता बरे कॅमेरे आलेत. शॉर्टफिल्म गुन्ह्याची असली की पहिल्या दोन मिनिटांत काय असणार, हे न बघता सांगता येतं. पाऊस, पाठमोरा माणूस, सिगारेट, आणि रंग काढून टाकलेले. "ब्लॅक अँड व्हाइट केलं का झालं न्वार," हे मी आर्वीपासून वणीपर्यंत ऐकलंय. न्वार म्हणजे चाळीस-पन्नासच्या दशकांतले हॉलिवूडचे काळोखे गुन्हेपट, ज्यात माणूस बहुतेक आपल्याच चुकीने बुडतो. मग गोष्ट पुढे सरकते आणि कळतं की हा सरळसोट थ्रिलर आहे : एक पळतोय, दुसरा मागे लागलाय. थ्रिलर करण्यात कमीपणा काहीच नाही. पण सुरुवातीला कबूल केलं एक आणि दिलं दुसरंच, म्हणून बघणारा मधेच उठून जातो.

घोळ होणं साहजिक आहे. अंधार, गुन्हा, मरणाच्या दारातला माणूस हे सगळं दोन्हीकडे असतं. माझ्या मते उजेड-अंधार सोडून आधी घड्याळ बघावं. थ्रिलर उघडतो तेव्हा अनर्थ व्हायचा असतो. न्वार उघडतो तेव्हा तो बहुतेक होऊन गेलेला असतो, किंवा माणसाने आपल्याच हाताने ओढवून घेतलेला असतो आणि फक्त हिशेब उरलेला असतो.

एकच गोष्ट दोन्ही तऱ्हेने उघडून बघू. डिसेंबर आहे. हरभऱ्याला ओलीत करायचंय आणि या आठवड्यात शेतीची थ्री फेज लाईन रात्रीची आहे. जिनिंगच्या दिवाणजीकडची, कापसाच्या चुकाऱ्याची रोकड लुटली गेलीय आणि ती थैली एका वावरातल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत आहे.

थ्रिलर असेल तर पहिला शॉट खोलीच्या आतून घ्या. पाय मोडलेला एक माणूस खताच्या पोत्यांखाली थैली सरकवतोय. दाराच्या फटीतून लांबवर बॅटरीचा उजेड हलताना दिसतो. मग कॅमेरा धुऱ्यावर, म्हणजे बांधावर : गमबूट, कानाला मफलर, मोबाईलवर भजन लावलेलं, रोही आणि डुकरं पळावीत म्हणून मधूनच हाळी देणारा शेतकरी. आत कोण आहे ते आपल्याला ठाऊक, त्याला नाही. तो निवांत बसून तंबाखू मळतो तेव्हा आपला जीव वरखाली होतो. तेवढ्यात लाईन येते आणि ऑटोवर टाकलेली मोटार आपोआप सुरू होते. आतला माणूस दचकतो, पान्हा खाली पडतो. भजन बंद होतं.

थ्रिलरचा उस्ताद दिग्दर्शक हिचकॉक याचं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण हेच सांगतं. बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का बसतो. तो तिथे आहे हे आधी कळलं, तर पंधरा मिनिटं जीव टांगणीला लागतो. थ्रिलरच्या सुरुवातीची बहुतेक कारागिरी कुणाला काय माहीत आहे याच्या वाटणीत असते.

आता तेच वावर न्वारसाठी. सकाळ झालीय, मोटार अजून चालूच आहे. स्प्रिंकलर रात्रीपासून एकाच जागी फिरताहेत, पाईप कुणी बदललेले नाहीत आणि तेवढ्या पट्ट्यात पाणी साचलंय. शेतकरी धुऱ्यावर बसलाय, थैली मांडीवर. मागून त्याचाच आवाज : "थैली दिसली तवाच पोलीस पाटलाकडे जायला पाह्यजे होतं मी. पण मंग सोसायटीचं कर्ज आठोलं." कोणी मागे लागलेलं नाही, कोणी दार ठोठावत नाही. पण हरभऱ्यात पाणी साचलं की तो उबळतो, हे आपल्याकडे लहान पोरालाही कळतं. उभं पीक डोळ्यांदेखत बुडताना जो बटण बंद करायला उठत नाही, त्याचं काय होऊन बसलंय ते वेगळं सांगावं लागत नाही. इथे प्रेक्षक 'आता काय होईल' विचारत नाही. हा गडी इथवर आला कसा, हे त्याला हवं असतं.

हॉलिवूडचा दिग्दर्शक बिली वाइल्डर याने हे दोनदा केलं. १९४४ च्या 'डबल इन्डेम्निटी'त गोळी लागलेला विमा एजंट रात्री ऑफिसात येऊन डिक्टाफोनवर, म्हणजे आवाज टिपणाऱ्या यंत्रावर, कबुली देतो : पैशासाठी आणि बाईसाठी खून केला, दोन्ही हाती आलं नाही. १९५० च्या 'सनसेट बुलेव्हार'मध्ये तर पोहण्याच्या तलावात तरंगणारं प्रेतच गोष्ट सांगतं. शेवट फोडून टाकायचं हे धाडस आलं कुठून? एक कारण मला सेन्सॉरशिपमध्ये दिसतं. हॉलिवूडमध्ये १९३४ पासून कडकपणे राबवलेल्या नियमांनुसार गुन्हेगार शिक्षेविना सुटलेला दाखवता येत नसे. तो बुडणार हे प्रेक्षकालाही माहीत, मग ते लपवून काय साधणार? त्यापेक्षा बुडालेला माणूसच आधी दाखवावा. हे सिनेमे करणाऱ्यांनी स्वतःला न्वार म्हणवून घेतलं नव्हतं, हेही लक्षात असू द्या. ते नाव १९४६ मध्ये फ्रेंच समीक्षक निनो फ्रँकने चिकटवलं.

प्रकाशयोजनेवर मी फार वेळ घालवणार नाही, कारण पोरं तेवढंच शिकून येतात. एक गंमत मात्र सांगतो. 'डबल इन्डेम्निटी'च्या छायालेखकाने, जॉन साइट्झने, उन्हाच्या तिरिपेत धूळ दिसावी म्हणून सेटवर धातूची बारीक पूड उडवली होती. आपल्याकडे कवेलूच्या घरात ती फुकट मिळते.

न्वारला रात्र लागतेच असंही नाही. १९४७ चा 'आउट ऑफ द पास्ट' लख्ख उजेडात सुरू होतो. छोट्या गावातल्या पेट्रोलपंपावर शहरातून एक माणूस येतो आणि मालकाची चौकशी करतो. मालक तिकडे तळ्याकाठी मैत्रिणीबरोबर मासे धरतोय. बस, एवढंच. पण मागचं काहीतरी पत्ता शोधत आलंय हे कळतं आणि ऊन असूनही सावली पडते. विदर्भात याहून सोपं काय? नवतप्याची दुपार, गल्लीत कुत्रंसुद्धा नाही, पंपावर एक अनोळखी गाडी. पाऊस पाडायला टँकर कशाला मागवता!

उलट अंधार असून थ्रिलर कसा, तेही बघा. ऑर्सन वेल्सचा १९५८ चा 'टच ऑफ एव्हिल' न्वारच्या प्रत्येक यादीत असतो. त्याची सुरुवात मात्र अस्सल थ्रिलरची आहे. एक हात टाइमर लावून बॉम्ब गाडीच्या डिकीत ठेवतो, एक जोडपं काही न कळता गाडीत बसतं, आणि तीन मिनिटांहून जास्त वेळ कॅमेरा न तुटता मेक्सिकोच्या सीमेवरच्या गर्दीतून फिरत राहतो. म्हणजे अख्ख्या सिनेमावरची चिठ्ठी बघून पहिल्या दृश्याची जात ठरवू नये.

दोन्ही एकत्र हवं असेल, तर रॉबर्ट सिओडमाकच्या 'द किलर्स'ची (१९४६) सुरुवात दहादा बघावी. दोन मारेकरी गावातल्या खानावळीत येतात, तिथल्या लोकांना बांधून घालतात आणि एका माणसाची वाट बघतात. इथवर थ्रिलर. तो येत नाही, मारेकरी निघून जातात. सुटलेला एक पोरगा धावत त्या माणसाच्या खोलीवर जाऊन त्याला सावध करतो. आता हा खिडकीतून उडी मारणार असं वाटतं. तो पलंगावर अंधारात तसाच पडून राहतो, कधीकाळी एक चूक केली होती म्हणतो आणि पोराचे आभार मानतो. जिन्यावर पावलं वाजली तरी पळत नाही. याच ठिकाणी थ्रिलर संपून न्वार सुरू होतो, तोही एक दिवा न बदलता.

आपल्या वावरातल्या गोष्टीत हा सांधा जोडायचा तर शेतकऱ्याला आधीच कळू द्या की खोलीत कोणीतरी आहे. दाराशी रक्ताचा डाग दिसू द्या, पोत्यातून डोकावणारी थैली दिसू द्या. गावाकडे परत जायला त्याला पुरेसा वेळ द्या आणि तरी त्याला आत जाऊ द्या. फक्त तेव्हा मोटार ऑटोवर ठेवू नका. बटण त्यालाच दाबायला लावा.